खणाला आतून मूठ नव्हती

आधीच सांगते, यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही.

जे झालं ते दुपारी साडेतीनला झालं. गेल्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार. ठिकाण वेल्हे, तोरण्याच्या पायथ्याशी. नक्की कुठं ते विचारू नका. तिथं आजही माणसं राहतात आणि ती चांगली माणसं आहेत.

ज्यांना कमेंटमध्ये 'फेक' लिहायचंय त्यांनी खुशाल लिहा. मी काही चॅनल काढलेलं नाही. हे खोटं असतं ना... तर मला झोप लागली असती.

मी शेफाली. माहेर भोंगवली. माझा नवरा गोरख फॅब्रिकेशनचं काम करतो. सारोळ्याला, नीरेच्या पुलाजवळ, हायवेला आमची भाड्याची शेड. आधी तो गेट आणि ग्रिल करायचा. मग मोबाईलवर बघून बघून त्याच्या डोक्यात चाकांवरच्या घराचं खूळ शिरलं. आठ फूट रुंद, वीस फूट लांब. तेवढ्यात स्वयंपाक, झोपणं, संडास-बाथरूम, सगळं. पहिलं घर नमुना म्हणून शेडशेजारी उभं केलं आणि आम्ही त्यातच राहायला गेलो. माणसं राहताना दिसली की गिऱ्हाईक विश्वास ठेवतं, असं त्याचं म्हणणं.

मला ते घर आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. जिन्याच्या प्रत्येक पायरीत कप्पा. भिंतीतून खाली येणारं टेबल. वस्तू वापरली की जागच्या जागी, ही माझी शिस्त. चमचा इकडचा तिकडे झाला तरी मला खपायचं नाही.

सासरे वारले आणि सासूबाई आमच्याकडे आल्या. ठकुबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्या म्हणायचे.

घराच्या नकाशात आत्या नव्हत्या.

गोरखने डोकं लढवलं. स्वयंपाकाच्या बाजूची जमीन दोन फूट उचलली आणि तिच्याखाली चाकांवर सरकणारा पलंग बसवला. ओढला की पलंग, ढकलला की दिसायचा पण नाही. आत्या त्याला खण म्हणायच्या.

"मला जागा लागतीया कितीशी?" त्या म्हणायच्या. "मिसरीची डबी आन् मी. झालं."

गोरख म्हणाला होता, आतून एक मूठ लावतो. मीच नको म्हटलं. आत कोण बसणार आहे? उगाच गोधडी अडकेल.

पलंग ओढलेला असला की दार पुरतं उघडायचं नाही. म्हणून रोज पहाटे मी विचारायचे, "आत्या, जाग्या हाय का?"

"जागी हाय गं."

त्या उठायच्या, मी पायाने खण आत ढकलायचे. दिवस सुरू.

गिऱ्हाईक येणार असलं की त्या डबी घेऊन शेडमागे जाऊन बसायच्या. त्यांना जा असं कुणी सांगितलं नव्हतं. थांबा असंही मी कधी म्हटलं नाही.

वर्षभरात बघायला पुष्कळ जण आले, घेतलं कुणीच नाही. शेड सोडावी लागणार हे जवळजवळ ठरलंच होतं. आणि मग डिसेंबरात एका रविवारी भोरहून केशव सर आणि सुलूताई यायचे ठरले. सर रिटायर्ड शिक्षक. वेल्ह्याला त्यांनी जागा घेतलेली, तिथं ठेवायला असंच घर त्यांना हवं होतं.

नेमका आत्यांना तीन दिवस ताप. उठवत नव्हतं. बाहेर गार वारा, शेडमध्ये ग्राइंडरची धूळ. तेवढ्यात फोन आला. "आम्ही कापूरहोळला पोचलो."

म्हणजे पंधरा-वीस मिनिटं.

आत्याच म्हणाल्या, "ढकला मला आत. पडून ऱ्हाती. कुनाला कळतंय?"

"आये, येडी का काय तू? आतून मूठ न्हाई त्याला."

"डबी हाय की माज्याकडं. लईच झालं तर दोनदा वाजवीन. मग काढा. न्हाईतर गिऱ्हाईक गेल्यावर काढा."

गोरखने माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणावं असं त्याला वाटत होतं. मला ते कळलं होतं.

मी म्हणाले, "धा मिंटांचा तर प्रश्न हाय. हवेला जाळी हाय की."

आणि मीच ढकलला. पायाने, रोज ढकलायचे तसाच.

दहा मिनिटांचा अर्धा तास झाला. सरांनी टेप लावून मापं घेतली. सुलूताई एकेका पायरीचा कप्पा उघडून लहान मुलीसारख्या हसत होत्या. मग त्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. बरोबर आत्यांच्या वर.

"याच्याखाली काय आहे गं?"

"सामान," मी म्हणाले.

गोरख सरांना घेऊन बाहेर चाकं दाखवायला गेला. मी चहा केला. सुलूताई चहा पिता पिता म्हणाल्या, "मला फार आवडलंय. सांगू का ह्यांना, घेऊ या म्हणून?"

आणि तेवढ्यात...

टिक. टिक.

पायाखाली.

"कसला आवाज गं?"

"कप हो," मी म्हणाले. मी कपबश्या सिंकमध्ये आदळल्या आणि नळ मोठा सोडला. स्टीलच्या सिंकमध्ये पाण्याचा केवढा आवाज होतो, तुम्हाला माहीतच आहे.

सुलूताई बाहेर गेल्या आणि सरांना म्हणाल्या, घेऊ या.

डबी पुन्हा वाजली नाही.

ते गेल्यावर खण ओढला. आत्या घामाने निथळत होत्या. डोळे उघडे, डबी मुठीत.

"गेलं का गिऱ्हाईक?"

"गेलं, आत्या. घर घेतलं त्यांनी."

त्या हसल्या. इतक्या खूश झालेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांना भोरला दवाखान्यात ठेवलं. छातीत कफ झाला होता, न्यूमोनिया म्हणाले. पाच दिवस होत्या. कुणी भेटायला आलं की त्या चादर नाकापर्यंत ओढून गप्प पडायच्या. माणसं गेली की मला हळूच विचारायच्या, "गेलं का गिऱ्हाईक?" गेलं म्हटलं तरी त्यांना पटायचं नाही. त्यांच्या लेखी त्या अजून खणातच होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी नर्स सलाईन बघायला आली. आत्यांनी चादर ओढून घेतली, श्वाससुद्धा रोखून धरला. नर्स गेली.

तरी त्या गप्पच होत्या.

डबी वाजली होती, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गोरखला पण नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

आणि आत्या गेल्यावर ती डबी सापडलीच नाही. दवाखान्यातल्या पिशवीत नव्हती, शेडमागे नव्हती. जानेवारीत घर ट्रेलरवर चढवून वेल्ह्याला गेलं. आम्ही सारोळ्यातच दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

फेब्रुवारीत सुलूताईंचा फोन आला. "अगं, तो खालचा पलंग नीट बसत नाही. चार बोटं बाहेर राहतो. आणि उंदीर शिरलाय बहुतेक."

आम्ही दोघं टेम्पो घेऊन गेलो.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि...

भाजलेल्या मिसरीचा वास.

गोरख दारातच थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाना इसरलो टेम्पोत." आणि मागे फिरला. पाना त्याच्या हातात होता.

सुलूताई सांगत होत्या, "आमच्यात तंबाखूला कुणी हात लावत नाही, तरी वास येतो बघ. आणि उंदीरही हुशार आहे हं. दोनदाच वाजवतो. मी कपबश्या विसळायला घेतल्या, नळ सोडला, की लगेच गप्प."

मी तशीच खाली बसले.

खण चार बोटं उघडा होता. आत अंधार. मी ओढला. हलका. दोन दुमडलेल्या सतरंज्या, बाकी काही नाही. परत ढकलला. चार बोटांवर येऊन अडकला.

मग...

टिक. टिक.

मी फटीला तोंड लावलं.

"आत्या... जाग्या हाय का?"

काहीच नाही. बाहेर टेम्पोचा दरवाजासुद्धा वाजला नाही.

"जागी हाय गं."

भीती वाटली असं म्हणणार नाही. मला रडू फुटलं. तोच आवाज, फक्त थोडी धाप लागलेली.

"या भाईर. मी काढती तुमाला. या."

मग अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने...

"गेलं का गिऱ्हाईक?"

मी मान वळवली.

केशव सर भिंतीतल्या टेबलावर पेपर वाचत होते. सुलूताई माझ्यासाठी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या.

"मला काही म्हणालीस का गं?" त्यांनी विचारलं.

गिऱ्हाईक जाणार तरी कुठं? घर आता त्यांचंच होतं.

गेलं, एवढंच म्हणायचं होतं मला. एकदा 'सामान' म्हणून झालं होतं, 'कप हो' म्हणून झालं होतं. पुढचं खोटं तोंडातून निघेना.

खण हलला. हळूहळू आत सरकला... तीन बोटं... एक बोट... बंद.

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

"अगं बाई, बसला की!" सुलूताई म्हणाल्या. "काय केलंस?"

परत येताना मार्गासनी आली. मग रस्त्यावरची नजर न काढता गोरखने विचारलं, "आय काय म्हनली?"

"जागी हाय म्हनल्या."

त्याने पुढचं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

आमच्या भाड्याच्या खोलीत खिडकीशी एक खाट घालून ठेवली आहे. ऐसपैस, चारी बाजूंनी मोकळी. रोज पहाटे मी तिथं उभी राहून विचारते, आत्या, जाग्या हाय का? तिथं कधीच उत्तर येत नाही.

सुलूताईंचा अधूनमधून फोन येतो. खण मस्त बसतो म्हणतात. आवाजही बंद झाला. मी त्यांना म्हणून ठेवलंय, घर कधी काढायचं झालं तर आधी आम्हाला सांगा.

त्या हसतात. म्हणतात, "छे गं, आता आम्ही इथून जाणार ते चौघांच्या खांद्यावरच."

फार चांगली माणसं आहेत हो. शंभर वर्षं जगा, असं त्यांना मनापासून म्हणावंसं वाटतं.

पण म्हणवत नाही.