डाव्या बाजूचा ड्रायव्हर

वनिता गाडीच्या उजव्या खिडकीशी वाकली, "कितीचं टाकू?" म्हणाली आणि दचकून मागे सरली. सीट रिकामी होती. समोर स्टिअरिंगसुद्धा नव्हतं. आणि गाडी तर आत्ताच तिच्या डोळ्यांदेखत वळण घेऊन पंपावर थांबली होती!

"मॅडम... इकडं. या बाजूला."

ती वळसा घालून डावीकडे गेली. तिथे स्टिअरिंग होतं आणि त्यामागे एक सावळा, तरतरीत मुलगा. तो हसू दाबत होता, पण ते डोळ्यांतून सांडत होतंच.

"सगळे आधी तिकडंच जातात," तो म्हणाला. "टाकी फुल करा."

वनिता हसली नाही. कर्जत-चौक रस्त्यावरच्या या पंपावर तिने सगळे नमुने पाहिले होते. डिझेल भरून पळणारे, गोड बोलून फोन नंबर मागणारे, मापात खोट काढणारे. कडावहून रोज स्कूटीवर येणारी ही पोरगी माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या गाडीची नंबरप्लेट बघायची. या गाडीची प्लेट लाल होती. बाकी सगळं अंग काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्यांनी मढवलेलं, आणि पुढे कंपनीचं चिन्ह असतं तिथे काळी चिकटपट्टी.

"हिला काय झालंय?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

"आणि नाव का झाकलंय?"

"लाजते ती."

"मी नाय लाजत. गाडी कोणाची हाय?"

"मालकाची."

"मालक कुठं असतो?"

"लांब..." त्याने हात हवेत फिरवला. "समुद्रापल्याड."

तो निघून गेला. मागून परतीच्या पावसाची एक सर आली, तापलेल्या डांबरातून वाफ उठली. वनिता छपराखाली उभी राहून तो लाल नंबर मनातल्या मनात घोकत राहिली.

काही दिवसांनी तो पुन्हा आला, पण दुसऱ्याच गाडीतून. चेहरामोहरा पहिलीसारखाच, फक्त स्टिअरिंग उजवीकडे आणि पोट जमिनीपासून चांगलं वर उचललेलं. मग तिसरी आली, तीही तशीच, पण मागचा भाग लांब आणि काचा गडद काळ्या. तीच पट्ट्यांची झूल, तीच लाल प्लेट, तीच चिकटपट्टी. आणि दर वेळी तो वनिताच्याच पाइपसमोर येऊन थांबायचा.

"त्या बाजूला लाइन नाय," ती म्हणायची.

"तिकडचं डिझेल मानवत नाय हिला."

"एकाच टाकीतून येतं दोन्हीकडं."

"मग... मलाच मानवत नसंल."

वनिताचे कान तापायचे. त्या कानांचाच तिला राग यायचा. असा गोड बोलणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नाव त्याने किरण सांगितलं होतं. एका सकाळी मात्र रस्त्यावरून कोंडाणे गावाकडची जीप गेली आणि आतून कुणीतरी हाक मारली, "ए पोशाऽऽ!" त्याने हसत हात वर केला.

"तुमी किरण ना?" वनिताने विचारलं.

"तोपण मीच."

"एका माणसाला दोन नावं?"

"त्यात काय? हीच गाडी इकडं एका नावानं इकतात, तिकडं दुसऱ्याच..." त्याने जीभ चावली. "हे मी बोललो नाय हां!"

वनिताच्या मनात पाल चुकचुकली.

आणि नेमकी त्याच आठवड्यात तिच्या संतोषकाकांची भाजीची पिकअप खालापूरच्या नाक्यावरून चोरीला गेली. घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. गाड्या उचलतात, रंग बदलतात, नंबर बदलतात, असं काका सांगत होते. वनिताने ताट बाजूला सारलं. पट्ट्या मारलेल्या गाड्या, झाकलेली नावं, दोन नावांचा माणूस... सगळं एका जागी येऊन बसलं होतं. तरी आतून काहीतरी कळवळून म्हणत होतं की तो नसेल, तो तसा नसेल. त्या आतल्या आवाजावरच तिचा सगळ्यात जास्त संशय होता.

दुसऱ्या दिवशी तो काळ्या काचांची गाडी घेऊन हवा भरायला थांबला. वनिता मशीनच्या आडून मागे गेली, ओढणीखालून मोबाइल काढला आणि फोटो घेतला. फोटो तिने फक्त भावाला, देवेशला पाठवला. 'नंबर बघ. कोणाला इचार.'

देवेश टेंपो चालवायचा. विचारणं वगैरे त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने फोटो टेंपोवाल्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हा गाडीचोर आहे, दिसला की धरा.' दुसऱ्या दिवशी भरदुपारी कर्जतच्या चारफाट्यावर सात-आठ जणांनी त्या गाडीला घेरलं. देवेशने स्वतः किरणची गचांडी धरून त्याला खाली ओढलं. पोलीस आले, कागद पाहिले आणि उलट देवेशलाच झापलं. गाडी एका मोठ्या विदेशी कंपनीची होती. बाजारात यायच्या आधी गाड्या घाटात, खड्ड्यांत, चिखलात चालवून बघतात, त्यातली. कंपनीची शेड खालापूरला होती, आणि किरण तिथला पगारी ड्रायव्हर. काकांची पिकअप तर पनवेलला सापडलीसुद्धा, चोरासकट.

वनिताला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

किरण दोन दिवसांनी आला तो पायी, फाट्यावर एसटीतून उतरून. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं.

"गाडी?" तिने विचारलं.

"काढून घेतली. तो फोटो पार कुठंकुठं गेला. गाड्यांच्या बातम्या देतात ना मोबाइलवर, त्यांनी लावला. ती गाडी अजून कोणाला दाखवायची नव्हती, म्हणून तर त्या पट्ट्या. सायबांना वाटतं, मीच फोटो इकला."

"मग... कोणी काढला ते नाय इचारलं त्यांनी?"

"इचारलं." तो रस्त्याकडे बघत राहिला. "म्हटलं, ठाऊक नाय."

त्याने माठातलं पाणी घेतलं, ओंजळीने तोंडावर मारलं आणि म्हणाला, "येतो मी. तेवढं सांगायला आलो होतो... की आता येणं नाय व्हायचं."

दुसऱ्या दिवशी वनिताने अर्धी सुट्टी टाकली आणि पंपाच्या निळ्या गणवेशातच स्कूटी खालापूरकडे वळवली. शेडच्या दारावर पहारेकरी होता. त्याच्याशी हुज्जत घालून ती आत गेली आणि थबकली. तिथे त्या सगळ्या पट्टेवाल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. कुणाचं स्टिअरिंग डावीकडे, कुणाचं उजवीकडे. कुणी उंच, कुणी बसकी.

"या सगळ्या... एकच गाडी हाय?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"घराणं एकच," समोरून चष्मा लावलेला माणूस आला. हेच किरणचे साहेब, नीलेश. "ही उंच आहे ती आफ्रिकेच्या कच्च्या रस्त्यांसाठी. ती आखाती देशांत जाणार, तिचा एसी दुप्पट ताकदीचा. डाव्या स्टिअरिंगची दक्षिण अमेरिकेत. तिकडे तिचं नावही वेगळं, कारण इथलं नाव तिथल्या भाषेत भलतंच काहीतरी होतं. तुमचं काय काम होतं?"

"तो फोटो मी काढला."

साहेबांनी तिला निरखून पाहिलं. "त्याने पाठवलंय तुम्हाला? असं सांगायला?"

"नाय! त्याला ठाऊकपण नाय मी आलेय ते. मला वाटलं चोर हाय. भावाला पाठवला, त्यानं पुढं टाकला. किरणनं कायपण केलेलं नाय."

"आणि यावर मी विश्वास का ठेवायचा? कोण लागता तुम्ही त्याच्या?"

वनिता गडबडली. "मी... पंपावरची."

साहेबांनी मोबाइल काढून तो फोटो उघडला आणि बोटांनी मोठा केला. गाडीची मागची काळी काच आरशासारखी चकाकत होती. त्या काचेत निळा गणवेश, ओढणी आणि मोबाइल धरलेले दोन हात दिसत होते. साहेबांनी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"खरंय. तुम्हीच आहात." ते जरा मऊ झाले. मग त्यांनी फोटो पुढे सरकवला आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. "आणि हे काय?"

गाडीच्या बाजूच्या आरशात किरणचा चेहरा होता. तो सरळ मागे बघत होता. तिच्याकडे. आणि हसत होता.

"म्हणजे त्याने तुम्हाला फोटो काढताना पाहिलं होतं," साहेब सावकाश म्हणाले. "नियम असा आहे की कुणी फोटो काढला तर लगेच थांबवायचं आणि आम्हाला कळवायचं. त्याने थांबवलं नाही. मार खाल्ला, नोकरी जायची वेळ आली, तरी तुमचं नाव नाही घेतलं." त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "त्याने फोटो विकला नाही, एवढं मी मानतो. पण रस्त्यावर गाडी आता देणार नाही. काही महिने तो शेडमध्येच राहील, बंदरावर जाणाऱ्या गाड्या ट्रेलरवर चढवायला. सांगा त्याला. शेडमागे आहे, पगाराचा हिशेब घ्यायला आलाय."

किरण शेडच्या मागे पत्र्याला टेकून बसला होता. तिला बघून धडपडत उठला.

"तुमी? इथं?"

"मला बघितलं होतंस तू." ती रागाने 'तू'वर कधी आली, तिचं तिलाच कळलं नाही. "फोटो काढताना. मग बोलला का नाय?"

"बोललो असतो तर... तुमी फोटो खोडला असता."

"मग?"

"मला वाटलं..." त्याने मान खाली घातली. "मला वाटलं, माझा फोटो काढताय."

वनिताला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"येडा! मी चोर समजत होते तुला."

"ते चारफाट्यावर कळलं."

"तरी नाव नाय सांगितलं?"

"एकदा कोणीतरी आपल्याला एवढं निरखून बघत होतं... मग ते कशासाठी का असंना." तो थांबला. "मला आवडता तुमी. लय आधीपास्नं. उगंच नाय त्या लाइनीत येऊन उभा राहायचो."

पत्र्यावर एकदोन टपोरे थेंब वाजले. वनिताने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले.

"आधी खरं नाव सांग."

"आजीनं पोशा ठेवलं. शाळेत गुरुजी म्हणाले, हे नाव नको, आणि किरण लिवलं. कोंडाण्याच्या वर डोंगरात आमची ठाकरवाडी हाय, आमी आदिवासी. आणखी काय इचारायचं असंल तर..."

"घरी चल. आत्ता."

"कोणाच्या?"

"माझ्या. नोकरी नाय गेली तुझी, सायब शेडमधी ठेवतायत. आणि मला असं लपूनछपून जमत नाय. बस मागं."

कडावला पोचेपर्यंत आभाळ काळंठिक्कर झालं होतं. खळ्यावर कापलेल्या भाताचे भारे उघडे पडले होते आणि वनिताचे बाबा, आई, देवेश सगळे ताडपत्रीमागे धावत होते. किरणने स्कूटी थांबायच्या आधीच उडी मारली, चपला भिरकावल्या आणि पहिला भारा खांद्यावर घेतला. एक टाकून दुसरा, दुसरा टाकून तिसरा. देवेशने त्याला ओळखलं आणि दोरी हातातच धरून उभा राहिला.

"हा तर तो... चारफाट्यावरचा!"

"दोरी वढ आधी!" बाबा ओरडले. "कोण हाय गं हा, वने?"

वाऱ्याने ताडपत्री फडफडत होती. वनिताने तिचं एक टोक पायाखाली दाबून धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "किरण नाव हाय. कोंडाण्याच्या ठाकरवाडीतला. मला आवडतो हा, बाबा. याच्याशीच लगीन करायचं म्हणते मी."

आईचा हात तोंडावर गेला. कुणी काही बोलायच्या आत पाऊस कोसळला आणि सगळे पडवीत पळाले.

बाबा पोतं अंथरून बसले. त्यांनी ओलं डोकं पंच्याने खसाखसा पुसलं आणि किरणकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, वनिता नंबरप्लेटकडे बघायची अगदी तसं.

"ठाकरवाडीतला?"

"हा."

"भाताची सवय दिसते."

"नाचणी, वरई... आमचं डोंगराचं. पण भारा तोच."

बाबांनी पंचा पिळून खांद्यावर टाकला. "मला अजून काय पटलेलं नाय," ते म्हणाले. "चार लोकांना इचारीन. तुझ्या घरी येऊन बघीन. घाई चालायची नाय."

"या ना," किरण म्हणाला. अंगावरून पाणी निथळत तो अजून पायरीवरच उभा होता.

बाबा जागचे हलले, आणि त्यांनी अंगाखालचं अर्धं पोतं त्याच्यासाठी मोकळं केलं.