आडवा पाइप

"मेली पुन्हा आडवी झाली!" अश्लेषा पाण्याच्या टाकीच्या काठावरून बोटीच्या छोट्या मॉडेलवर ओरडली. पीएचडीसाठी ती नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला आलेली. तिथल्या प्रयोगशाळेत मराठी कोणाला कळतंय, या भरवशावर ती मनसोक्त बोलायची.

"मेली माझी आहे," मागून आवाज आला.

ती दचकून वळली. जॅकेटवरून पाऊस निथळत होता आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. हा अंबरीश, या फेरीबोटीचा डिझायनर, रॉटरडॅमहून चाचणी बघायला आलेला. डोळे मात्र… असो, कामाच्या वेळी डोळे बघू नयेत.

"अहो, एका कुशीला भोक पडलं की पाणी तिकडेच साठतं. बोट कलंडणारच!"

"अहो? पहिल्याच भेटीत?"

अश्लेषा कानापर्यंत लाल झाली. पण माघार घेईल तर ती अश्लेषा कसली! "आडवा पाइप घाला. पाणी दुसऱ्या बाजूलाही जाऊ द्या. बोट थोडी खाली बसेल, पण सरळ राहील."

"पाइपला जागा दिली तर केबिन कमी होतील. बॉस मला फाडून खाईल."

"आणि माणसं बुडाली तर?"

त्याने खिशातून वही काढली आणि पाइप रेखाटायला घेतला. त्यानंतर तो येतच राहिला. पाइप कुठून न्यायचा यावर दोघं कॉफी गार होईपर्यंत भांडायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही. आपण त्याची वाट बघतो, हे मात्र तिला चांगलं कळत होतं.

नव्या मॉडेलच्या चाचणीला तो चेहरा पाडूनच आला. "बॉस ऐकेना, म्हणून थेट बोटीच्या मालकांकडे गेलो. त्यांनी पाइप मान्य केला… बॉसने मला काढलं. दुसरी नोकरी नाही मिळाली, तर इथे राहायचं परमिट संपेल. मग पुणं."

तिने मॉडेल पाण्यात सोडलं, एका कुशीची झडप उघडून पाणी आत घेतलं. बोट कलली… आणखी कलली… अंबरीशने तिचा हात घट्ट धरला. आणि बोट सावकाश सरळ झाली.

"तरली!" तो पुटपुटला. हात सोडायचं राहूनच गेलं.

"अंबरीश, नोकरी आपण दोघं मिळून शोधू. इथे नाहीच मिळाली तर जा पुण्याला. पीएचडी संपली की मी येते मागून. पण तुला सोडणार नाही. प्रेम आहे माझं तुझ्यावर."

"अगं, हे मी म्हणणार होतो—"

"मग म्हण ना! कोणी अडवलंय?"

त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं… आणि म्हणाला.