अर्थिंगचा खड्डा

विनुताला भीती ठाऊक नव्हती असं नाही. पण कामाला जाताना ती भीतीला दाराबाहेर चपलांशेजारी बसवून आत शिरायची. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वीस खाटांचा एक दवाखाना होता. त्या मंगळवारी ती तिथे गेली तीही अशीच, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून. दर महिन्याचा शटडाउन होता, नऊ ते पाच वीज नाही. दवाखाना जनरेटरवर, संगणक बंद. नेटवर्क स्विचला हात घालायला याहून बरा दिवस कुठला?

काम म्हटलं तर अर्ध्या तासाचं. वरच्या मजल्यावर चार नव्या खाटा आल्या होत्या आणि त्यांच्या यंत्रांच्या तारा जोडायला स्विचमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून त्यात एक जादा मॉड्यूल बसवायचं. पण त्या खोलीत आधीची दोन मॉड्यूलं जळाली होती, दोन्ही श्रीनिवासरावांच्या हातून. विनुताला हे काम त्यांनीच शिकवलेलं. "मी सगळं नियमानं केलं. कुणीतरी मनगट धरून खाली ओढलं, आणि घशाला कोरड पडली," एवढंच ते म्हणाले होते. कंपनीतली माणसं हसली. म्हातारा पिऊन आला असेल, असंही कुणी बोललं. तेव्हापासून दोन महिने श्रीनिवासराव घरी बसून होते. विनुताच्या हे जिव्हारी लागलं होतं. तिसरं मॉड्यूल ती नीट बसवणार होती, आणि दोष कुणाचा ते कागदावर लिहून देणार होती.

तिने स्विच बंद केला, विजेची वायर उपटली आणि गळ्यात अडकवली. श्रीनिवासरावांचा नियमच होता: ज्याचा हात यंत्रात, त्याच्या गळ्यात वायर, म्हणजे दुसऱ्या शहाण्याने बटण दाबायची सोय नाही. मग डाव्या मनगटाला पट्टी बांधली. तिची तार रॅकच्या अर्थिंगला लावली की अंगातली वीज मॉड्यूलमध्ये न जाता मुकाट जमिनीत जाते. तिने चिमटा लावला... आणि मनगट खाली ओढलं गेलं.

जोरात नाही. हळूच, पण नेमाने. खोलीत तापलेल्या मातीचा वास आला आणि जीभ टाळूला चिकटली. तिने चिमटा काढला. सगळं थांबलं. पुन्हा लावला, पुन्हा ओढ. तिने हे तीनदा करून पाहिलं. भूत असलं तरी तपासून घेणारी बाई ती! मग मीटर लावलं. अर्थिंगचा आकडा पाचाच्या आत हवा, तो साठ दाखवत होता.

"सापडलास," ती म्हणाली.

खिडकीच्या बरोबर खाली, परसात, अर्थिंगचा खड्डा होता. कोळसा आणि मीठ भरलेला. वर सिमेंटचं झाकण. असा खड्डा वाळला की आकडा चढतो, हे कुठलाही वायरमन सांगेल. तिथेच पहारेकरी कृष्णाजी सावलीत बसले होते. तिने खिडकीतूनच हाक मारली.

"कृष्णाजीअण्णा, यात पाणी कधी ओतलं होतं?"

"कोण ओततंय अम्मा? खणला तेव्हाच मी नको म्हटलं होतं." म्हाताऱ्याने खिडकीपाशी येऊन आवाज खाली आणला. "इथं आधी पाणपोई होती. एका उन्हाळ्यात बंद पडली. एक वाटसरू आला आणि पायरीवरच... खणताना पितळेचा सोंबू निघाला. उपडा."

"तांब्या आहे ना त्याच्यापाशी? मग पाणी द्या की! कुडम आणा."

कृष्णाजींनी झाकण सरकवलं आणि पहिली घागर ओतली. खिडकीच्या आत, पट्टीचा चिमटा पुन्हा लावून उभ्या असलेल्या विनुताच्या घशातून गार पाणी उतरलं.

दुसरी घागर. पुन्हा घशाखाली गारवा... खालून मातीत पाणी मुरल्याचा आवाज येत नव्हता. घोट घेतल्याचा येत होता. विनुताने आकड्यावरची नजर हलवली नाही. साठ, पन्नास, तीस. अकराव्या घागरीला आकडा चारवर आला.

"परसातलं पिंप संपलं," कृष्णाजी म्हणाले. "वॉर्डातून आणू? पिणाऱ्यानं हात वर केल्याशिवाय धार मोडू नये अम्मा... त्यानं अजून पोदुम म्हटलं नाही."

"मीटरनं म्हटलंय. पुरे. बस करा."

मनगटाची ओढ थांबली होती. तिने स्विचच्या रिकाम्या खाचेवरचं झाकण काढलं, मॉड्यूल कडांनी धरून खाचेतून सरळ आत सरकवलं, टक् आवाज ऐकला, स्क्रू आवळले. गळ्यातली वायर काढून जोडली. दिवा आधी पिवळा, मग हिरवा झाला. वरच्या चारही खाटांची यंत्रं जागी झाली. घड्याळात तीन वाजले होते. तिने अहवाल लिहिला: 'अर्थिंग कोरडं होतं. आधीच्या तंत्रज्ञाचा काहीही दोष नाही.' आणि तो कंपनीतल्या झाडून साऱ्यांना पाठवला. आता हसा म्हणावं!

संध्याकाळी कागदाची प्रत घेऊन ती श्रीनिवासरावांच्या घरी गेली. दार उघडतानाच त्यांच्या बायकोचे, सरोजामामींचे, डोळे भरलेले होते.

"कुणाला सांगितलं नव्हतं बाळ. दोन महिने रात्रंदिवस पाणी पीत होते. तीस-तीस सोंबू! डॉक्टरांनी साखर तपासली, सगळं तपासलं, काही निघालं नाही. आज तीनला आपणहून सोंबू खाली ठेवला. म्हणाले, आता नको."

श्रीनिवासरावांनी कागद दोनदा वाचला. मग नीट घडी करून खिशात ठेवला. विनुताला वाटलं, याच्यापुढे सगळे पगार फिके.

"पाणी किती दिलंस?" त्यांनी विचारलं.

"अकरा घागरी, मामा."

"पुरे कोण म्हणालं?"

"मीच. आकडा चारवर आला होता."

"तू?" त्यांचा चेहरा उतरला. "त्यानं नाही?"

ती हसून उत्तर द्यायला गेली आणि थांबली. समोर सरोजामामी तांब्या घेऊन उभ्या होत्या, तिचं फुलपात्र चौथ्यांदा भरत. पहिलं कधी मागितलं ते तिला आठवेना. पट्टी बाहेर स्कूटरच्या डिकीत, कुलपात होती. तरी मांडीवरचा डावा हात हळूहळू जमिनीकडे सरकत होता.

"अजून थोडं द्या, मामी," ती म्हणाली.