सतरा सेंटिमीटर

आईच्या घराला रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत सात पायऱ्या होत्या. सोमवारी त्या आठ झाल्या.

त्या सुमारास मी आमच्या प्रदेशाच्या भूगर्भाचे त्रिमितीय प्रारूप तयार करत होते. नवे खोदकाम नव्हते. निरनिराळ्या पिढ्यांतील सर्वेक्षकांनी काढलेले भूगर्भाचे त्रेचाळीस नकाशे संगणकात एकमेकांना जोडायचे आणि माती, वाळू, खडक असे थर सलग बसवायचे, एवढेच काम. परंतु शेजारशेजारच्या नकाशांच्या कडा जुळत नसत. एका नकाशातला खडक कडेपाशी येऊन थांबे आणि पुढच्या नकाशात तीन मीटर खाली सुरू होई. अशी तफावत संगणक थोडीथोडी सगळीकडे वाटून टाकतो. अशा एका वाटपाला आम्ही फेरी म्हणतो. पहिली फेरी त्याच सोमवारी झाली होती.

"आई, मोजायला चुकली असशील."

"गुडघे माझे, कळ माझी, आणि चुकेन कशी गं? तुझ्या संगणकाला गुडघे आहेत का?"

मी टेप घेऊन गेले. आठ पायऱ्या, प्रत्येक सतरा सेंटिमीटर. सर्वांत खालची मधोमध झिजलेली. तिच्या कोपऱ्यात जुने शेवाळ. शेजाऱ्यांच्या तीन पायऱ्या तीनच होत्या.

दुसऱ्या फेरीनंतर नऊ झाल्या, तिसरीनंतर दहा. आईची कुरकुर हळूहळू मावळली. फोनवर ती संथ, अर्धवट झोपेत असल्यासारखी बोले.

"खिडकीतून आता दिव्याच्या खांबाचं डोकं दिसतं. वर घरटं आहे गं. इतकी वर्षं खालून दिसलंच नाही."

चौथ्या फेरीनंतर मी म्हटले, "माझ्याकडे राहायला ये."

"उतरू कशी? अकरा झाल्यात. आता मी इथेच बरी."

अंतिम प्रारूपाला अजून साठ फेऱ्या लागणार होत्या. त्यांचा पायऱ्यांशी संबंध आहे, हे मी मानत नव्हते. तरी गुणाकार केला: दहा मीटर वीस सेंटिमीटर.

नकाशेखाना सांभाळणाऱ्या काकांना मी पायऱ्यांचे सांगितले नाही. फक्त कडांचे विचारले.

"कडा जुळत नाहीत म्हणजे कुणीतरी हट्ट धरून बसलंय," ते म्हणाले. "सर्वेक्षक मंडळी भारी हट्टी."

"ते सगळे वारले, काका."

"मग हयात असलेल्यांत शोधा."

ते हसले. मी हसले नाही.

पाचवी फेरी मी मध्येच थांबवली आणि स्थिर बिंदूंची यादी उघडली. स्थिर बिंदू म्हणजे ज्याची उंची संगणकाने कधीही बदलायची नाही, असे ठिकाण.

यादीत एकच नोंद होती. माझी.

सुरुवातीला कुठलीच कड कशाला टेकत नव्हती, तेव्हा मला खात्रीची एक तरी उंची हवी होती. नकाशा न पाहता मला एकच ठाऊक होती. आईच्या उंबऱ्याची.

कारण एवढेच. आईचे घर वर गेले नव्हते. ते जागच्या जागी होते. चार फेऱ्यांत बाकीचा सगळा प्रदेश, रस्ता, शेजारी, काका आणि मी यांच्यासह, अडुसष्ट सेंटिमीटर खाली गेला होता.