डाव्या बरगडीखालची रिकामी जागा

शिरूरला माझं सोनोग्राफी सेंटर आहे. तिथल्या खोलीत भर दुपारीही अंधार ठेवावा लागतो, नाहीतर पडद्यावरचं नीट दिसत नाही. त्या अंधाराची मला कधी भीती वाटली नव्हती.

त्या दिवशी कवठे येमाईहून गिताबाई आपल्या लेकीला, मोनिकाला, घेऊन आल्या. आठ दिवसांवर हळद, आणि पोरगी पोट धरून वाकलेली. तरी हसत होती. म्हणाली, लोकांच्या मनात लाडू फुटतात, माझ्या पोटातच फुटायला लागलेत. गिताबाईंना बाहेर बसवून मी दार लावलं.

डाव्या बरगडीखाली प्रोब ठेवला. तिथं प्लीहा असते. गावाकडं तिला पाणथरी म्हणतात. पडद्यावर मात्र नुसतं आतडं. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. काहींना जन्मापासूनच ती नसते, तसंच असेल म्हणून मी हात उचलायला गेले... हात उचलेना.

एसीची घरघर बंद पडली. ओल्या लोकरीचा वास आला. आणि माझ्या हातातला प्रोब हळूहळू खाली सरकू लागला... बेंबीखाली... ओटीपोटावर येऊन थांबला.

तिथं मोठा, सुजलेला गोळा होता. प्लीहाच ती. जागा सोडून खाली उतरलेली, तिच्या शिरांना दोरीसारखा पीळ बसलेला. डॉप्लर लावला. आत रक्ताचा ठिपकाही फिरत नव्हता.

"मोनिका, आत्ताच्या आत्ता पुण्याला निघायचं."

"हळद हाय ओ, मॅडम..."

"हळद होईल. आधी तू नीट हो."

संध्याकाळपर्यंत ऑपरेशन झालं. पीळ सोडवल्यावर काळवंडलेली प्लीहा पुन्हा तांबूस झाली, मग सर्जननी ती जागेवर नेऊन टाक्यांनी पक्की केली. अजून दोन तास गेले असते तर काढावीच लागली असती, असं ते फोनवर म्हणाले. फोन ठेवून मी एकटीच हसत बसले.

लग्न तीन महिन्यांनी झालं. हलगी घुमत होती, म्हातारे-कोतारे नाचत होते. गिताबाईंनी माझ्या तोंडात जिलबी कोंबली. हिरव्या चुड्यातली मोनिका मला बिलगली आणि कानाशी म्हणाली,

"त्या दिवशी लई भ्याले होते, मॅडम. पर तुम्ही सारखा कपाळावरनं हात फिरवत व्हता, म्हणून निभावलं. लई गार हात व्हता तुमचा..."

मी हसले, तिच्या गालाला हात लावला.

त्या दिवशी माझा एक हात प्रोबवर होता. दुसरा सगळा वेळ मशीनच्या बटणांवर.