तारीख नसलेली क्वेरी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. घातलं असतं तर स्वतःला जरा शहाणा दाखवलं असतं.

मंगळवार होता. दुपारचे चार. ऑफिस माणसांनी भरलेलं, खिडकीबाहेर लख्ख ऊन. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी दारांना सेन्सर लावते. दार उघडलं की नोंद होते. नोंदी क्लाउडवर, रोजच्या तारखेच्या फोल्डरमध्ये साठतात. आमचा स्वतःचा सर्व्हर वगैरे नाही. आपण प्रश्न लिहायचा, म्हणजे क्वेरी चालवायची, उत्तर कुठून तरी येतं. फक्त तारीख घालायला विसरायचं नाही. नाहीतर ती बया सगळ्या वर्षांच्या फाइल्स उघडत बसते आणि बाकीच्यांची कामं खोळंबतात.

हे शिकवलं तारीखताईने. शेजारच्या टेबलावरची माझी सीनियर. "तारीख घातलीस का रे?" दिवसातून दहा वेळा विचारायची, म्हणून हे नाव. क्वेरी चालवण्याआधी पेनचं बटण दोनदा दाबायची.

टक... टक.

तिची आई एकटीच राहायची. घर क्रमांक २१४. रोज चारला ताई बघायची, आईच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं का. उघडलेलं दिसलं की म्हणायची, "चला, झाला आमच्या म्हातारीचा चहा."

मार्चमध्ये ताई गेली. तीन दिवसांच्या तापाने.

क्वेरी चालवायचं तिचं खातं बंद झालं. तिचं पेन मीच तिच्या आईला नेऊन दिलं. मावशी म्हणाल्या, "आता चारला माझ्याकडे कोण बघणार रे?"

"मी आहे ना, मावशी."

आठवडाभर बघितलं. मग कामाच्या रगाड्यात विसरलो. खरंच विसरलो.

आणि एके दिवशी...

टक... टक.

मान वर केली. शेजारचं टेबल रिकामं. घड्याळात चार.

आमच्याकडे कोणी कोणती क्वेरी चालवली याची यादी दिसते. सगळ्यात वर होती घर २१४ची. स्वयंपाकघराचं दार. आजची तारीख. चालवणाऱ्याचं नाव...

कोरं.

"जुनं काहीतरी आपोआप चालत असेल," आमचा ॲडमिन म्हणाला. शोधलं. काही सापडलं नाही. "क्लाउड आहे बाबा, डोक्याला ताप नको."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच.

सांगायला लाज वाटते, पण मला बरंच वाटलं. कोणीतरी बघतंय ना!

मग तो मंगळवार आला.

टक... टक. टक... टक.

माझा स्क्रीन अडकला. यादी उघडली. घर २१४. नाव कोरं. आणि तारीख...

नव्हती.

सहा वर्षांच्या फाइल्स उघडल्या जात होत्या. साहेबांना साडेचारला रिपोर्ट हवा होता. "कोण रे हा दीडशहाणा? बंद कर ते!"

मी क्वेरी बंद केली. ती लगेच पुन्हा सुरू झाली. पुन्हा बंद केली. पुन्हा सुरू.

चौदा वेळा.

कानात नुसतं टकटक, टकटक, टकटक. बाकी कुणालाच ऐकू येत नव्हतं.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तारीखताई तारीख विसरते कधी?

मी स्वतः क्वेरी लिहिली. तारीख घातली. स्वयंपाकघराचं दार सकाळी सात दहाला उघडलं होतं. त्यानंतर घरातलं एकही दार हललं नव्हतं. आमचा अलार्म चोवीस तास एकही दार हललं नाही तरच वाजतो.

मावशींच्या शेजाऱ्यांना फोन केला. त्यांनी कुलूप तोडलं. मावशी स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. मुठीत ते पेन.

डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर..."

मी चौदा वेळा बंद करण्यात पंचवीस मिनिटं घालवली होती. हे डॉक्टरांना सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

त्यानंतर आठ महिने सगळं शांत होतं.

गेल्या सोमवारी, चारला...

टक... टक.

यादी उघडली. नाव कोरं. घर ३८८.

माझ्या बाबांचं घर. सेन्सर मीच बसवून दिलेत.

ताई त्यांची काळजी घेतेय, की मला काही दाखवतेय, कळत नाही. बाबांना म्हटलं, माझ्याकडे राहायला या. म्हणाले, "मी ठणठणीत आहे. तुझ्याकडे मला झोप लागत नाही."

मी रोज चारला यादी उघडून फक्त तारीख बघतो. कालपर्यंत होती.

आत्ता चारला दोन मिनिटं कमी आहेत. बाबांचा फोन लागत नाहीये. दुपारी झोपताना ते बंद ठेवतात, माहीत आहे मला.