तोफेची दोरी

पहिल्याच भेटीत मी लाइल कोवारिकच्या छातीत टाचणी खुपसली. मुद्दाम नाही. पण त्याला ते काही पटलं नाही.

१९६३ सालच्या नोव्हेंबरची बावीस तारीख, शुक्रवारची दुपार. आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या पायऱ्यांवर टेबल मांडून मी पिवळी शेवंती विकत बसले होते. दुसऱ्या दिवशी हंगामातला शेवटचा फुटबॉल सामना, तोही नदीपलीकडच्या कॉलेजशी. त्या दिवशी कोटावर शेवंती न लावता बाहेर पडलेली मुलगी आमच्या नेब्रास्कातल्या या गावात शोधूनही सापडली नसती. वारा असा झोंबत होता की फुलांपेक्षा मीच जास्त थरथरत होते. तेवढ्यात एक उंच मुलगा समोर येऊन उभा राहिला. कानाच्या पाळ्या थंडीने लालबुंद, आणि टोपी मात्र खिशात.

“एक फूल हवंय.”

“कुणासाठी?” विचारायची काही गरज नव्हती. पण विचारलं.

“अजून ठरलेलं नाही.”

“आधी मुलगी ठरवतात, मग फूल घेतात. नवीन आहेस का कॉलेजात?”

“चौथ्या वर्षाला आहे. आणि तू मार्लिस एंगस्ट्रॉम. ग्रंथालयात खिडकीपाशी बसतेस. वाचता वाचता पेन्सिल चावतेस.”

“मी चावत नाही!”

“मग पेन्सिलच तुला चावत असेल... मला काय, लांबून नीट दिसत नाही.”

मला हसू आलं आणि ते लपवायला मी एक टपोरं फूल उचललं. म्हटलं, ते लावायचं कसं ते तरी शिकून जा. त्याने कोटाची कॉलर पुढे केली. मी टाचणी घातली आणि नेमकं तेव्हाच तो हळूच म्हणाला, “उद्या तोफेपाशी उभी राहशील?”

टाचणी कोट सोडून थेट आत गेली.

यात माझा काय दोष? आमच्या मैदानावर एक जुनी तोफ आहे. आपल्या संघाने चेंडू शेवटच्या रेघेपलीकडे नेला, म्हणजे टचडाऊन केला, की ती उडते, आणि तिची दोरी ओढते ती मुलगी, जिला तोफ सांभाळणाऱ्या मुलाने विचारलेलं असतं. त्या वर्षी तोफ लाइलकडे होती. ज्या मुलीला विचारलं, तिच्या आईला संध्याकाळपर्यंत गावातून चार फोन येतात, आणि चारही बायका एकच विचारतात – मुलगा कुठला? मी सहा वर्षांची असल्यापासून ती तोफ ऐकत आले. धडाम झालं की टुणकन उडी मारायची, हे मला चालता येण्याइतकं सवयीचं होतं.

“बोल ना,” छाती चोळत लाइल म्हणाला. “की अजून एकदा टोचायचंय?”

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी वरच्या खिडकीतून कुणीतरी किंचाळलं. मग रेडिओचा आवाज एकदम मोठा झाला. आमचं वसतिगृह सांभाळणाऱ्या मिसेस हॉफ्लँड एप्रनला हात पुसत दारात आल्या. हात कोरडे झाले तरी त्या पुसतच राहिल्या.

“मुलींनो... अध्यक्षांवर गोळ्या झाडल्या. डलासमध्ये. गाडीत बसले होते...”

मला शब्द कळले, अर्थ कळला नाही. मी मूर्खासारखी टेबलावरची फुलं एका ओळीत लावायला लागले. अर्ध्या तासाने ते गेल्याचं कळलं, तेव्हाही मी फुलंच लावत होते. लाइल तिथेच उभा होता. त्याने कोटावरचं फूल काढून अलगद टेबलावर ठेवलं.

“नंतर बोलू,” तो म्हणाला.

देशभर सामने रद्द झाल्याच्या बातम्या येत होत्या. आमचा झाला नाही. पाहुण्यांची बस निघाली होती आणि कॉलेजचे डीन हॅल्व्हरसन यांनी निर्णय घेतला – सामना होईल, पण बँड नाही, आरोळ्या नाहीत, टचडाऊनला तोफ नाही. सामना संपल्यावर सगळे उभे राहतील, आणि दिवंगत अध्यक्षांसाठी तोफेची एकच सलामी दिली जाईल.

“देशात सुतक असताना खेळ बघायला जायचं?” सकाळी मिसेस हॉफ्लँड नाश्त्याच्या टेबलावर म्हणाल्या. “माझ्या मुली जाणार नाहीत. जायचंच असेल त्यांनी जावं, पण मला तोंड दाखवू नये.”

मी लापशी ढवळत राहिले. जावं की न जावं? रात्रभर रडून डोळे सुजले होते. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात मधूनच त्या लाल कानांची आठवण येत होती, आणि मग स्वतःचीच लाज वाटून मी आणखी रडत होते. शेवटी कोट चढवला आणि मागच्या दाराने सटकले.

मैदानाच्या कोपऱ्यात तोफ, आणि तोफेपाशी लाइल. मला बघून त्याने टोपी काढली.

“मला वाटलं, येणार नाहीस.”

“मला पण तसंच वाटलं होतं,” मी म्हणाले.

“सलामीची दोरी तू ओढशील? आनंदाची नाहीये ही. पण... मला तूच हवी आहेस इथे.”

मी होकारार्थी मान हलवली.

तसा सामना मी पुन्हा कधी पाहिला नाही. झेंडा अर्ध्यावर. चीअरलीडर मुली दंडाला काळ्या फिती बांधून गुडघे जुळवून बसलेल्या. चार हजार माणसं, आणि ऐकू काय येत होतं तर खेळाडूंच्या अंगावरचे जाड पॅड एकमेकांवर आदळल्याचा आवाज, त्यांचं कण्हणं, आणि पंचांची शिट्टी. पावसाचे बारीक, बर्फाळ थेंब गालाला टोचत होते. कुणाला टाळी वाजवावीशी वाटली तर तो हात खिशात घालत होता.

आम्ही कुजबुजत बोलत होतो. त्याच्या आजोबांनी बोहेमियातून येताना फक्त एक ॲकॉर्डियन आणलं होतं. पदवी घेणारा घरातला तो पहिलाच. जूनमध्ये पदवीदानाला त्याची आई नवी हॅट घालून येणार होती.

“आत्तापासून हॅट ठरली?”

“दुकानदाराला सांगून ठेवलंय. त्यावर एक पक्षी आहे. बहुतेक कोंबडी असावी.”

मी खुदकन हसले आणि दोन बायकांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाइल पण लाल झाला. मग आम्ही दोघं बराच वेळ शहाण्यासारखे समोर बघत उभे राहिलो... आणि त्याची बाही माझ्या बाहीला लागलेली होती, ती कुणीच बाजूला घेतली नाही.

शेवटची दोन मिनिटं उरली. आम्ही चार गुणांनी मागे होतो. लाइलने दारू ठासली, दोरी जोडून ठेवली.

“जरा धर. हात गोठलेत, दोन घोट कॉफी घेतो. शिट्टी वाजली, सगळे उभे राहिले, की मी खूण करीन. तेव्हाच ओढायची.”

“कळतं मला.”

मी दोरी धरली. आणि समोर आमचा एक पोरगेला खेळाडू चेंडू घेऊन सुटला. एकाला चुकवलं. दुसऱ्याच्या हातातून निसटला. पुढे कुणीच नव्हतं... मैदान रिकामं! आणि आदल्या दिवसापासून दाबून धरलेली ती चार हजार माणसं एकदम उठली, छातीतून एक प्रचंड आवाज फुटला, त्याने शेवटची रेघ ओलांडली – आणि मी टुणकन उडी मारली.

धडाम!

आवाज विरायच्या आत सगळं मैदान खाली बसलं होतं. बसलं नाही, कोसळलं. बाया लेकरांवर आडव्या पडल्या. एक म्हातारा डोकं हातांत धरून पायऱ्यांच्या मध्ये वाकला. कुणीतरी सारखं ओरडत होतं, “कुठून आली? गोळी कुठून आली?” तो टचडाऊन केलेला मुलगा चेंडू टाकून गवतावर पालथा पडला होता. धुराचा कडवट वास माझ्या नाकातोंडात गेला. दोरी माझ्या हातात होती, आणि हात माझा नव्हताच जणू.

मग ती दोरी माझ्या हातातून काढून घेतली गेली. लाइल माझ्या पुढे येऊन उभा राहिला.

डीन हॅल्व्हरसन धावत आले. चेहरा पांढराफटक. “कुणी ओढली?”

“मी, सर,” लाइल म्हणाला.

आता बोल. आता बोल, मार्लिस... मी खाली गवताकडे पाहत राहिले. डीननी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“सोमवारी सकाळी माझ्या घरी ये. आणि या कॉलेजात तुझं वर्ष पुरं होईल असं धरून चालू नकोस.”

सामना संपला तेव्हा सलामी झाली नाही. तोफेत दारूच उरली नव्हती. माणसं खाली माना घालून घरी गेली, आणि जाताना कित्येक जण लाइलच्या पायाशी थुंकले.

रविवार मी बैठकीतल्या टीव्हीपुढे काढला, सगळ्या मुलींच्या मध्ये. सकाळी अकराच्या सुमारास आमच्या डोळ्यांदेखत अध्यक्षांच्या खुनासाठी पकडलेल्या आरोपीवरही गोळी झाडली गेली. आम्ही सगळ्या एकदम किंचाळलो. मिसेस हॉफ्लँडनी भिंतीचा आधार घेतला.

“जगच वेडं झालंय,” माझ्या खोलीतली जोन रडत म्हणाली. “आणि आपल्याकडे तो कोवारिक! असल्या माणसाला हाकलूनच द्यायला हवं.”

“हो ना,” कुणीतरी म्हणालं.

त्याच्या आईची ती पक्षी लावलेली हॅट डोळ्यांपुढून हलेना. एक शब्द बोलले असते तर... पण मग मिसेस हॉफ्लँड, गाव, आई, तिला येणारे चार फोन! मी एवढी भित्री असेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

सोमवारी देशभर सुट्टी होती. अंत्ययात्रा टीव्हीवर सुरू झाली आणि मी उठून कोट घातला. या वेळी पुढच्या दाराने गेले.

डीनच्या बायकोने दार उघडलं. आतल्या खोलीत ढोलांचा संथ आवाज, घोड्यांच्या टापा. डीन काळ्या टायमध्ये उभे होते. लाइल खुर्चीच्या कडेवर, टोपी गुडघ्यावर. मला पाहताच तो उठला.

“सर, दोरी मी ओढली,” मी म्हणाले. वाटेत पाठ केलेलं बाकीचं सगळं विसरले. “तो कॉफी पीत होता. त्याने मला सांगितलं होतं की खूण केल्याशिवाय ओढू नकोस. मी उडी मारली... आणि मग मी बोलले नाही. दोन दिवस बोलले नाही.”

“सर, तिचं ऐकू नका–”

“कोवारिक, गप्प बस.”

डीन खिडकीपाशी गेले.

“तो पोरगा रेघेपलीकडे गेला तेव्हा मी काय करत होतो माहीत आहे?” ते म्हणाले. “खुर्चीवर चढलो होतो. टोपी हवेत उडवली होती. सगळ्या आरोळ्या बंद करणारा मी! आणि ती टोपी खाली यायच्या आत तोफ उडाली. दोरी माझ्या हातात असती तर...” ते वळले. डोळे लाल झाले होते. “सामना ठेवायलाच नको होता. ती चूक तुम्हा दोघांचीही नाही.”

म्हणून शिक्षा टळली असं नाही. तोफ वर्षभर बंद. लाइलचं वर्ष मात्र वाचलं. मला नाताळापर्यंत संध्याकाळी वसतिगृहाबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि येत्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून गावाची माफी मागायची. मी हो म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात आलो तेव्हा थंड ऊन पडलं होतं. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते.

“कशाला घेतलंस स्वतःवर?” मी विचारलं.

“मोठेपणा म्हणून नाही,” तो म्हणाला. आवाजात राग होता, आणि तो ऐकून मला बरंच वाटलं. “तोंडातून निघून गेलं. आणि मग मी वाट बघत होतो, की तू बोलशील. तिथेच, पुढच्या क्षणी. तू बोलली नाहीस. रविवारी पण आली नाहीस.”

“मी घाबरले होते.”

“मी पण. मी ठरवलं होतं, आजही आली नाही तर ही मुलगी विसरायची.”

“आणि... आले तर?”

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात गिरणीचा भोंगा वाजला आणि सगळं गाव थांबलं. देशभर त्या वेळी मौन पाळायचं ठरलं होतं. रस्त्यातली दुधाची गाडी उभी राहिली. चालक खाली उतरून टोपी छातीशी धरून उभा राहिला. समोरच्या अंगणातली बाई हातातला खराटा तसाच धरून थबकली. लाइलनेही टोपी काढली, ओठ मिटले.

पाच मिनिटं! मी गेलेल्या माणसासाठी प्रार्थना केली, त्याच्या बायकोसाठी केली, त्या दोन लहान लेकरांसाठी केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. मग माझ्या हाताला त्याचा हात लागला, थंडगार, आणि त्याने माझी बोटं घट्ट धरली.

दुधाची गाडी पुन्हा सुरू झाली. लाइलने घसा खाकरला.

“आलीस तर हे सांगायचं होतं, की तू मला आवडतेस. अजूनही. रागावलोय, तरी.”

“मलाही तू आवडतोस,” मी म्हणाले. या वेळी एक क्षणही थांबले नाही.